पस्तिशीनंतर पार्कूर: नाशिकमधले माझे पहिले वर्ष

जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी पार्कूर शिकायचे ठरवले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कमरेएवढी भिंत न थांबता ओलांडून पलीकडे सुरक्षितपणे उतरणे मला जमू लागले. मोबाइलवर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झेपावणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही मजल फारच छोटी वाटेल. पण तिशी-चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या आणि खेळाशी संबंध तुटलेल्या माणसाला तिथपर्यंत पोहोचताना डॉक्टरांपासून मुद्रांकापर्यंत काय काय पाहावे लागते, हे मराठीत सविस्तर लिहिलेले मला त्या वेळी कुठे सापडले नाही. म्हणून घडले त्या क्रमाने, खर्च आणि प्रतीक्षा यांसह, ते येथे लिहीत आहे.

शाळेत असताना मी सिन्नरला खो-खो खेळत असे. नंतरची पंधराएक वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात खुर्चीवर बसून गेली. डिसेंबर 2023 मध्ये सहकाऱ्यांबरोबर अंजनेरीला गेले, तेव्हा धाप लागली तरी चढून गेले. उतरताना मात्र गुडघाभर उंचीच्या दगडावरून खाली पाय टाकायचीही भीती वाटू लागली आणि बहुतेक ठिकाणी मी बसून, हात टेकून उतरले. त्याच वाटेने महाविद्यालयीन मुलामुलींचा एक गट नेमकी पावले टाकत, जवळजवळ आवाज न करता उतरत होता. त्यांच्यातल्या एका मुलीला विचारले, तेव्हा तिने सांगितले की ते रविवारी सकाळी गंगापूर रोड परिसरातील एका उद्यानात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका व्यायामशाळेच्या सभागृहात पार्कूरचा सराव करतात. मला भिंतींवरून झेपा घ्यायच्या नव्हत्या. मला न घाबरता खाली उतरता यायला हवे होते, आणि तेवढ्याच कारणासाठी मी त्यांच्याकडे गेले.

धावणे, उडी मारणे, चढणे, लोंबकळणे, तोल सांभाळणे, हातापायांवर चालणे अशा मूळ हालचाली वापरून, वाटेतल्या अडथळ्यांवरून कमीत कमी शक्ती खर्च करत आणि स्वतःला इजा होऊ न देता एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचा सराव म्हणजे पार्कूर. फ्री रनिंग त्याच मुळातून वाढले आहे, मात्र त्यात कोलांट्या, गिरक्या आणि स्वतःची शैली यांना मोठी जागा आहे. मी अनुभवाने लिहू शकते ते पार्कूरबद्दल. फ्री रनिंगबद्दल मी जे पाहिले ते पुढे ओघात येईल.

आमचे प्रशिक्षक मूळचे मल्लखांबपटू. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, मला ‘ताई’ म्हणतात, आणि शिकवतात म्हणून मी त्यांना ‘सर’ म्हणते. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट केले की वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय तिशीपुढच्या कोणालाही ते सभागृहात सरावाला घेत नाहीत. मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. तपासणीचे 700 रुपये आणि हृदयाच्या आलेखाचे 300 रुपये झाले. रक्तदाब ठीक होता, गुडघ्यात दोष नव्हता, मात्र घोटे आखडलेले होते. त्याची एक सोपी चाचणी त्यांनी दाखवली, ती घरी कोणालाही करता येते: पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहायचा. माझ्या उजव्या पायाची टाच त्याच्या बऱ्याच आधी उचलली जात होती. घोटा पुरेसा वाकला नाही की उतरतानाचा भार गुडघ्यावर आणि कमरेवर जातो, हे तिथे पहिल्यांदा नीट समजले.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. पोटऱ्या ताणणे, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, खुर्चीत बसल्यासारख्या बैठका, एका पायावर उभे राहणे असा दीड महिन्याचा क्रम मिळाला; प्रत्येक भेटीचे 400 रुपये पडत. एक गोष्ट येथे मुद्दाम लिहिते, कारण ती बहुधा कोणी बोलत नाही. बाळंतपण झालेल्या अनेक स्त्रियांना उडी मारताना किंवा धावताना थोडी लघवी सुटण्याचा त्रास असतो आणि त्या मुकाट्याने खेळ सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम त्यावर असतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात, आणि ते विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मी विचारले आणि त्याचा मला फार उपयोग झाला.

याच काळात दोन किरकोळ कामे उरकली. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षांहून अधिक काळ झाला होता, ती पुन्हा घेतली, कारण खरचटणे या सरावात ठरलेलेच आहे. दुसरे काम विम्याचे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये साहसी खेळांविषयीचे एक कलम असते आणि ते वाचून बरेच जण घाबरतात. त्या कलमातील शब्द नीट पाहावेत: त्यात व्यावसायिक म्हणून अशा खेळांत भाग घेतल्यामुळे कराव्या लागणाऱ्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात. मी दोन्ही विम्यांबद्दल ईमेलने विचारले आणि लेखी उत्तर आल्यावर ते छापून फाइलमध्ये ठेवले. उत्तराला दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे हे काम सुरुवातीलाच करावे.

सभागृहाच्या प्रवेशाचे काम त्यामानाने लांबले. अर्ज, आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र, रक्तगट, आपत्काळी संपर्क करायच्या दोन व्यक्तींचे क्रमांक आणि ‘इजा झाल्यास जबाबदारी माझी राहील’ असे हमीपत्र, एवढी कागदपत्रे लागली. प्रवेश शुल्क 500 रुपये, परत मिळणारी अनामत 1,000 रुपये आणि मासिक शुल्क 1,200 रुपये. अर्जावर क्रीडाप्रकाराचा रकाना होता आणि त्यांच्या छापील यादीत पार्कूर नव्हते. कार्यालयातील वयस्कर काकांनी चष्मा वर करून विचारले, “ताई, हे मी कशाखाली लिहू? समितीपुढे ठेवलं तर ते मलाच विचारतील.” प्रश्न रास्त होता. आधी सराव करणारी मुले जिम्नॅस्टिक्सच्या तुकडीची विद्यार्थी म्हणून येत होती. प्रौढांनी केवळ पार्कूरसाठी अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ होती.

म्हणून सरांच्या मदतीने मी एक पानाचे टिपण लिहिले. ब्रिटनने जानेवारी 2017 मध्ये पार्कूरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली, 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने ते आपल्या क्रीडाप्रकारांत घेतले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये टोकियोत महासंघाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, एवढीच माहिती त्यात होती. महासंघाच्या या निर्णयाला जगातील अनेक पार्कूर संघटनांनी विरोध केला, कारण आपला खेळ दुसऱ्या खेळाची शाखा व्हावा हे त्यांना मान्य नाही. तो वाद मला महत्त्वाचा वाटतो आणि माझी सहानुभूती त्या संघटनांकडे आहे, पण आमच्या अर्जाला जिम्नॅस्टिक्सचा आधार मिळाल्यामुळेच वाट मोकळी झाली हेही तितकेच खरे. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, तिची तीन आठवडे वाट पाहिली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस प्रवेश मिळाला. तुमच्या गावच्या व्यायामशाळेत असाच रकाना असेल तर अर्जाबरोबर असे टिपण आधीच जोडावे. बराच वेळ वाचतो.

बुटांबद्दल आमच्या गटात ठाम मते आहेत. जाड, मऊ तळ्याचे धावण्याचे बूट येथे नकोत, कारण पायाखाली काय आहे ते त्यांत कळत नाही आणि कडेवर पाय ठेवला की ते वळतात. तळ सलग रबराचा हवा, मध्ये कडक प्लास्टिकची पट्टी नको, आणि बूट हाताने वाकायला हवा. मला 1,800 रुपयांत चांगले मिळाले. अंगावर लांब, सैल विजार आणि अंगाबरोबर राहील असा पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, कानातले, सगळे घरी काढून ठेवायचे. अंगठीबाबत तर सर अजिबात तडजोड करत नाहीत, कारण भिंतीच्या कडेला किंवा लोखंडी कठड्याला अंगठी अडकून शरीराचा भार तिच्यावर आला तर बोटाची कातडी सोलून निघते, प्रसंगी बोट गमवावे लागते. सासूबाईंना मंगळसूत्र काढणे रुचले नव्हते. मी त्यांना एकदा सभागृहात नेऊन कठड्यावर लोंबकळणारी मुले दाखवली, त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

पहिला महिना आम्ही जमिनीच्या वर जवळजवळ गेलोच नाही. अर्धा तास अंग मोकळे करणे, मग हातापायांवर चालणे: पुढे, मागे, आडवे, चढावर, पायऱ्यांवरून खाली. गुडघे जमिनीला न लावता सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे चालले की खांदे, मनगटे आणि मांड्या थरथरू लागतात. त्यानंतर उतरण्याचा सराव. आधी जागच्या जागी लहान उडी, मग एका विटेवरून, मग पायरीवरून, मग गुडघ्याएवढ्या पेटीवरून. पाय चवड्यांवर टेकायचे, टाचा आपटायच्या नाहीत. गुडघे पावलांच्या दिशेतच वाकायचे, आत पडू द्यायचे नाहीत. मांडी आणि पोटरी यांतला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ द्यायचा नाही. छाती पुढे, आणि गरज पडली तर हात जमिनीला टेकायला तयार. हे सगळे ध्यानात ठेवणे कठीण जाते, म्हणून सर एकच कसोटी सांगत, “आवाज ऐका, ताई. पाय वाजला, तर धक्का कुठेतरी शिरला.” सभागृहातल्या फरशीवर आपल्याच पावलांचा आवाज ऐकत तीच उडी पुन्हा पुन्हा मारणे कंटाळवाणे वाटेल, पण मला त्यात खोल समाधान मिळू लागले. आज पाय कसा टेकला हे कोणी सांगण्याआधीच कळायचे.

आधी उतरणे, मगच चढणे हा क्रम आमच्याकडे कधी मोडला जात नाही, आणि नवशिक्याने शिक्षक निवडताना नेमके हेच पाहावे असे मला वाटते. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला उंचावर चढवणारा किंवा कोलांटी शिकवू पाहणारा शिक्षक असेल, तर शुल्क कितीही कमी असले तरी तिथे थांबू नये.

रोल, म्हणजे उतरल्यानंतर जमिनीवर लोळण घेऊन धक्का पसरवणे, हा पुढचा टप्पा. शाळेत शिकवतात ती सरळ कोलांटी येथे चालत नाही, कारण तिच्यात डोके आणि कणा यांवर भार येतो. येथे एका खांद्यावरून सुरुवात करून पाठीवर तिरके जात दुसऱ्या बाजूच्या नितंबावर यायचे असते, आणि हनुवटी छातीशी, नजर काखेकडे ठेवायची असते. एका गुडघ्यावर बसून, मॅटवर, अगदी सावकाश याची सुरुवात होते. शरीर कुठे चुकते ते निळे-काळे डाग सांगतात: खांद्याच्या टोकावर डाग आला तर हात नीट दुमडलेला नाही, कमरेच्या हाडावर आला तर लोळण सरळ गेली. मॅटवरून हिरवळीवर जायला मला उन्हाळा उजाडला. सिमेंटवर मी वर्षअखेरीपर्यंत गुडघ्यावर बसूनच रोल करत होते आणि त्याची मला मुळीच घाई नव्हती.

एप्रिलमध्ये उद्यानाच्या परवानगीचा प्रश्न आला. मुले आतापर्यंत तिथे कोणालाही न विचारता सराव करत असत आणि सुरक्षारक्षक बदलला की वाद होई. गटातल्या मोठ्या माणसांपैकी मी एक असल्याने अर्ज करायचे काम माझ्याकडे आले. अर्जात सरावाची जागा नकाशावर खूण करून दाखवली, वार आणि वेळ लिहिली, येणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाचे वय दिले, अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची संमतिपत्रे जोडली, सरांची प्रमाणपत्रे लावली आणि कोणतीही वस्तू जमिनीत किंवा भिंतीत बसवणार नाही, झाडांना हात लावणार नाही, प्रथमोपचार पेटी सोबत ठेवू, असे लिहून दिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि गोल शिक्का घेतला. ही पोच पुढे प्रत्येक चौकशीच्या वेळी मागितली जाते, तेव्हा ती जपून ठेवावी.

तो काळ लोकसभा निवडणुकीचा होता. नाशिकचे मतदान 20 मे रोजी होते आणि बहुतेक कर्मचारी निवडणुकीच्या कामावर गेले होते, त्यामुळे 4 जूनचा निकाल लागेपर्यंत कागद हलण्याची शक्यता नव्हती हे मला पहिल्याच चौकशीत कोणीतरी प्रेमाने समजावले. जूनच्या मध्यावर एक अधिकारी जागा पाहायला आले. त्यांनी मुलांना उड्या मारून दाखवायला सांगितले, भिंतीचे दगड हाताने हलवून पाहिले आणि दोन अटी घातल्या: सकाळी आठपूर्वी सराव संपवायचा आणि फेरी मारणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची वाट अडवायची नाही. हमीपत्र 100 रुपयांच्या मुद्रांकावर करून दिले, नोटरीचे वेगळे पैसे झाले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराची लेखी परवानगी हातात आली. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 आणि 200 रुपयांऐवजी किमान 500 रुपयांचा मुद्रांक लागू झाला आहे, त्यामुळे आता अर्ज करणाऱ्यांनी तेवढा खर्च धरावा.

परवानगी मिळाली तेव्हा नेमका पाऊस लागला होता, आणि ओल्या भिंतीवर सराव करायचा नाही हा नियम आहे. नाशिकच्या काळ्या दगडावर पावसाळ्यात शेवाळ धरते, आणि ते डोळ्यांना दिसण्याआधी पायाला कळते. मला अनेकांनी विचारले की गोदाघाटावर इतक्या सुंदर पायऱ्या असताना तुम्ही तिथे का जात नाही. दगड गुळगुळीत आणि निसरडा आहे हे एक कारण. पण तो तसा नसता तरी आम्ही गेलो नसतो. तिथे माणसे श्राद्धकर्म करायला, स्नानाला, दर्शनाला आलेली असतात, आणि त्यांच्यामधून धावणे अनुचित आहे. पांडवलेणी तर संरक्षित स्मारक आहे. ज्या भिंतीला दोन हजार वर्षे झाली तिच्यावर बुटाचा पाय ठेवण्याचा विचारही गटातल्या कोणी करू नये, असे सर प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतात.

पावसाळ्याचे चार महिने सभागृहात ताकद मिळवण्यात गेले. कठड्याला लोंबकळणे, वर उडी मारून हनुवटी कठड्यापाशी न्यायची आणि तिथून सावकाश खाली यायचे, भिंतीला पाय लावून शरीर वर ढकलणे. सुरुवातीला मी अर्धा मिनिटही लोंबकळू शकत नव्हते. तळहातांची साले निघाली, मग तिथे घट्टे आले. ते कापायचे नसतात, अंघोळीनंतर वजरीने हलके घासायचे असतात. ऑगस्टमध्ये मनगट दुखू लागले तेव्हा दोन आठवडे हातावर भार देणे पूर्ण बंद केले आणि फक्त पायांचा सराव केला.

याच दिवसांत, पाऊस फार असला की सराव लवकर संपवून सर आम्हाला या खेळाचा इतिहास सांगत. फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चालणे, धावणे, हातापायांवर चालणे, चढणे, उडी, तोल, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे या दहा गटांवर आधारलेली व्यायामपद्धत मांडली. उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हावे, हे तिचे ब्रीद होते. त्या पद्धतीतून फ्रेंच सैन्यातील अडथळ्यांच्या शर्यती आल्या. पॅरिसच्या अग्निशमन दलातील रेमाँ बेल यांनी असा सराव आयुष्यभर केला, आणि त्यांचा मुलगा दाविद बेल याने 1980 आणि 1990 च्या दशकांत पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात मित्रांसह त्याला आजचे रूप दिले. 1997 मध्ये त्या मित्रांनी ‘यामाकासी’ हा गट स्थापला. त्यांच्यातलाच सेबास्तियाँ फुकाँ 2003 मध्ये लंडनच्या छपरांवर चित्रित झालेल्या माहितीपटात दिसला आणि फ्री रनिंग हे नाव त्या माहितीपटामुळे जगभर पोहोचले. मला या सगळ्यात मोलाचे वाटले ते एबेर यांचे ब्रीद. लाल मातीच्या आखाड्यात आणि मल्लखांबाच्या तालमीत वाढलेल्या आमच्या सरांना ते परके वाटले नाही यात नवल नाही.

ऑक्टोबरमध्ये, पितृपक्ष उलटल्यावर, आम्ही पुन्हा उद्यानात गेलो. नेमकी उडी, जिला सगळे प्रिसिजन म्हणतात, ती आधी जमिनीवर आखलेल्या दोन रेषांमध्ये करायची असते. अंतर स्वतःच्या पावलांनी मोजायचे, टाचेला अंगठा लावत. कोणत्याही जागी जाऊन आधी पावले मोजली की ही उडी आपल्या आवाक्यात आहे का, हे अंदाजावर राहत नाही. रेषेनंतर पदपथाची कड, मग वीतभर उंचीचा कट्टा. दोन्ही पाय एकाच वेळी चवड्यांवर कडेला टेकायचे आणि तिथेच थांबायचे. पुढे तोल गेला तर फक्त खाली पाऊल टाकायचे, म्हणून उडी थोडी कमी पडली तरी चालेल अशाच जागी हा सराव करतात.

त्यानंतर भिंत आली. उद्यानाच्या कडेला एक दगडी भिंत आहे, आमच्या बाजूने कमरेएवढी आणि पलीकडून एखादा फूट जास्त खोल. तिच्यावरून सेफ्टी व्हॉल्ट करायचा होता: डावा हात आणि उजवे पाऊल भिंतीवर टेकवायचे, मोकळा डावा पाय त्या दोघांच्या मधून पलीकडे न्यायचा आणि उतरायचे. सभागृहातल्या पेटीवर हीच हालचाल मी कित्येक महिने करत होते आणि पेटी भिंतीपेक्षा खुजी नव्हती. तरीही भिंतीजवळ पोहोचले की पाय आपोआप थांबत. छाती धडधडे, तोंड कोरडे पडे, आणि पंधरा-वीस वर्षांची मुले बाजूला उभी असताना असे थांबणे मनाला फार लागे.

सरांनी उत्तेजनाचे एकही वाक्य उच्चारले नाही, आणि मी त्यांची त्याबद्दल ऋणी आहे. त्यांनी मला भिंतीला वळसा घालून पलीकडे नेले, जिथे पाय टेकणार ती माती हाताने चाचपायला लावली, खडे वेचून बाजूला टाकायला लावले. मग भिंतीच्या माथ्यावरच्या फरश्या एकेक करून हलवून पाहिल्या. एक सैल होती, तिच्यापासून दूर खडूने खूण केली. त्यानंतर मी भिंतीवर बसले आणि पलीकडे तोंड करून हातांवर भार घेत हळूच खाली उतरले. तेच पुन्हा पुन्हा. मग भिंतीवर हात-पाय ठेवून वर थांबायचे, श्वास घ्यायचा आणि उतरायचे. त्या दिवशी तेवढेच झाले आणि आम्ही घरी गेलो. पुढच्या रविवारीही थांबणे होतेच, फक्त वर घालवलेला वेळ कमी झाला. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी हात, पाय, मोकळा पाय आणि जमीन हे सगळे एका श्वासात झाले, आणि पलीकडे उभी असताना मला रडू आले. सरांनी फक्त विचारले, “पाय वाजला का?” वाजला नव्हता.

भीतीबद्दल माझे मत यातून बनले. काही भीती माहिती देते: दगड ओला आहे, शरीर थकले आहे, कड सैल आहे. ती ऐकायची आणि त्या दिवशी ती उडी सोडून द्यायची. सगळे तपासूनही जी उरते तिच्यावर उपाय उंची कमी करणे हाच आहे. डोळे मिटून, कोणाच्या तरी टाळ्यांवर झेप घेणे हा नव्हे. आमच्या गटात उडी न मारता परतणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, आणि कॅमेरा समोर असताना नवी गोष्ट करायची नाही असा नियम आहे. हे दोन नियम नसलेल्या गटात मी टिकले नसते.

गटातली चार-पाच मुले फ्री रनिंगही करतात. ती मागची कोलांटी आधी सभागृहात जाड मॅटवर, सरांच्या हाताच्या आधाराने, अनेक महिने करतात आणि मगच हिरवळीवर येतात. त्यांना पाहणे आनंदाचे असते. मात्र केवळ चित्रफिती पाहून नदीकाठच्या वाळूत किंवा गादीवर कोलांटीपासून सुरुवात करणाऱ्या मुलांची मला मनापासून काळजी वाटते, कारण तिथे चूक झाली तर ती मानेवर होते. आईवडिलांनी अशा मुलांना ओरडून बंद करण्याऐवजी जवळची जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांबाची शाळा दाखवावी.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, डॉक्टर, फिजिओथेरपी, बूट, शुल्क आणि कागदपत्रे मिळून पहिल्या वर्षी माझे वीस हजार रुपयांच्या आसपास गेले, त्यातला मोठा भाग सभागृहाच्या मासिक शुल्काचा. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी घोट्यांचे आणि बैठकांचे व्यायाम घरी, हातापायांवर चालणे मैदानात आणि उतरण्याचा सराव पायरीवर करावा. रोल मात्र शिक्षकाशिवाय शिकू नये.

जानेवारी 2025 मध्ये मी पुन्हा अंजनेरीला गेले आणि सगळी वाट उभ्याने उतरले. लेझी व्हॉल्ट, म्हणजे भिंतीकडे तिरके येत, हात टेकवून दोन्ही पाय एकापाठोपाठ पलीकडे नेणे, आता बरा येतो. छातीएवढ्या भिंतीच्या कडेला पकडून वर येणे अजून पूर्ण जमलेले नाही, सर म्हणतात हातांना आणखी सहा महिने द्यावे लागतील. उद्यानाच्या परवानगीची मुदत जुलैमध्ये संपत होती, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मी मे महिन्यातच, पालकांची नवी संमतिपत्रे आणि 500 रुपयांच्या मुद्रांकावरील हमीपत्र जोडून दिला. पाहणी पुन्हा होते, त्यामुळे निदान सहा आठवडे हाताशी ठेवावेत.